बुधीचा वाटा

तुमच्या खापरपणजोबांना दुधाचे दातही आले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत आंबेघोळ नावाचं गाव होतं आणि गावाच्या वर वनजाई देवीची राई. राईत एक झरा होता. सगळं गाव त्याचंच पाणी प्यायचं.

एका वर्षी गावाला भक्तीचं भरतं आलं. "आईचं आंगण उकिरडा झालंय," पाटील म्हणाले. मग काय, बाया-बाप्ये खराटे घेऊन राईत शिरले. पाचोळा लोटला, पडलेल्या लाकडांवर उगवलेल्या कुत्र्याच्या छत्र्या अमंगळ म्हणून पायाखाली तुडवल्या, लाकडं जाळली. मग दरसाल तेच. राई सारवलेल्या ओटीसारखी लख्ख दिसू लागली आणि गाव स्वतःवरच खूश झालं.

झाडं मात्र खूश नव्हती. हिरड्यांचे शेंडे वाळले, नवं रोप तग धरेना, झरा करंगळीएवढा उरला. तेव्हा गावानं ठरवलं, देवी उठून गेली, आता राई तोडायची आणि तिथं नाचणी पेरायची.

कुऱ्हाडी निघाल्या, तर वाटेत बुधी ठाकरीण आडवी बसलेली. रानात कंदमुळं खणणारी ही एकटी बाई, जिभेची फटकळ.

"देवी कुठं बी गेली न्हाई. तुम्हीच तिची चूल मोडली," ती म्हणाली. "मी ती पुन्हा मांडते. तवर कुऱ्हाड चालवायची आसंल, तर आदी माझ्यावर चालवा."

बाईवर कुऱ्हाड कोण उचलणार? माणसं परतली.

मोठ्यांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे बुधीला ठाऊक होतं. तिनं पोरं गोळा केली. त्यांना पल्याडच्या रानात नेलं, एक कुजकं लाकूड उलटं केलं आणि खालचे पांढरे धागे दाखवले.

"वर दिसती ती छत्री नुसतं फळ. खरी ती ही, मातीत ऱ्हाती. मेलेलं लाकूड शिजवती आन् जित्या झाडांच्या मुळांना वाढती."

"मग आपण खायची का?" एका पोरीनं विचारलं.

"वळख नसंल तर हात लावायचा न्हाई. ही पंगत झाडांची हाय."

तेव्हापासून बुधी आणि पोरं तसली कुजकी लाकडं पाठीवर घालून राईत आणू लागली. गावानं नाकं मुरडली, पण देवीच उठून गेली म्हटल्यावर खराटे घेऊन कोणी राईत फिरकलं नाही. पाऊस आले, पाऊस गेले, एकही छत्री उगवेना. पोरांना मिशा फुटल्या. बुधी कमरेत वाकली, पण वाहायची थांबली नाही. शेवटच्या दुखण्यात म्हणाली, "मला जाळू नका. झऱ्याकाठच्या त्या वाळक्या हिरड्याखाली पुरा. मी बी त्याच्या पानात पडंन."

असं म्हणतात, त्याच श्रावणात हिरड्याभोवती पांढऱ्या छत्र्यांचं रिंगण उठलं. असं म्हणतात, तिन्हीसांजेला बुधीनं वाहिलेलं एकेक लाकूड हिरव्या उजेडानं पेटलं, ना धूर ना धग, आणि तो उजेड धाग्याधाग्यानं एका झाडाच्या मुळातून दुसऱ्याच्या मुळात सरकताना अख्ख्या गावानं पाहिला. चैत्रात वाळका हिरडा पालवला. झऱ्याचा आवाज पुन्हा घरात ऐकू येऊ लागला, आणि म्हातारे पाटील पाण्याची ओंजळ धरून रडले.

आजही आंबेघोळात होळी पेटण्याआधी प्रत्येक घराचं एक लाकूड बाजूला निघतं. ते राईत पोरंच नेतात, मोठ्यांना तो मान नाही. हिरड्याखाली ठेवून म्हणतात, "बुधी, हा तुझा वाटा." राईत खराटा कोणी नेत नाही. आणि पावसात त्या लाकडावर पहिली छत्री दिसली, की पोरं घरोघर सांगत फिरतात, "बुधीनं चूल पेटवली."