कारल्याची खीर

फार पूर्वी, प्राणी शेजारधर्म पाळत तेव्हाची ही गोष्ट. साळू साळिंदराच्या शेजारी भालीकाकू अस्वलीण राहायला आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी घरची रीत म्हणून साळूला वाटीभर कारल्याची खीर दिली. एका घोटातच त्याचे काटे ताठ उभे राहिले. पण काकूंना वाईट वाटू नये म्हणून तो म्हणाला, "वा! अशी खीर जन्मात खाल्ली नव्हती."

दुसऱ्या दिवसापासून रोज हंडाभर खीर येऊ लागली आणि काकूही त्याच्यासोबत बसून मिटक्या मारत खाऊ लागल्या. साळूने पोट बिघडल्याचं सांगितलं, तर काकू म्हणाल्या, "मग कारलं उत्तमच!" उपास आहे म्हणाला, तर सैंधव घातलेली खीर आली. शेवटी तो मेल्याचं सोंग घेऊन पडला. काकू हुंदके देत आल्या आणि गंगाजळाऐवजी त्याच्या तोंडात खीरच घालू लागल्या.

साळू ताडकन उठला. "काकू, मला ही खीर मुळीच आवडत नाही!"

काकू मटकन खाली बसल्या. "मेल्या, आधी नाही का सांगायचं? कारली शोधून माझी नखं झिजली. मला तर या खिरीचा वासही सहन होत नाही."

"मग रोज माझ्यासोबत मिटक्या मारत का खायचात?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."