वाटीने चूळ भरली का?

फार जुन्या काळची गोष्ट. एका राज्यात तेव्हा माणसांपेक्षा विहिरींनाच जास्त धाक असे. नवी विहीर खणली की राजाचे जलपरीक्षक येत आणि पाणी पारखत. पाणी चांगलं निघालं तर गाव नांदे. खारं निघालं तर शिपाई विहिरीत दगड लोटत आणि गावाला बिऱ्हाड हलवावं लागे. खाऱ्या पाण्याने जमीन मरते, हे त्या राज्याने एकदा भोगलं होतं.

जलपरीक्षक म्हातारे होते, सरळ होते. त्यांच्याजवळ मातीची एक वाटी होती, ती त्यांच्याहूनही म्हातारी. वाटीत पाणी घ्यायचं आणि चिमूटभर हळद कालवायची. पाण्यात खार असेल तर चुना लागलेल्या हळदीसारखं ते लाल होई. मग दर्भाच्या काडीने लिंबाचा रस थेंब थेंब सोडायचा, पुन्हा पिवळं होईपर्यंत. पाच थेंबांत झालं तर विहीर वाचली. जास्त लागले तर दगड.

जलपरीक्षकांच्या घरात नुकतीच नवी सून आली होती; ती त्यांना मामंजी म्हणे. बोलायची कमी, बघायची जास्त. वाटी घासायचं काम तिच्याकडे आलं. चुलीतली राख घेऊन वाटी घासघासून घासायची, मग विसळायची, अशी घराण्याची रीत. वाटीला जुने बारीक तडे होते. हयगय केली असं कुणी म्हणू नये म्हणून ती त्या तड्यांतही राख चोळी.

पण त्या घरातली खरी अवघड परीक्षा पाण्याची नव्हती, भाजीची होती. सासूबाई सकाळपासून लोणच्याची फोड चघळत बसत आणि घास तोंडात पडताच म्हणत, "आळणी! हिच्या माहेरी मीठ महाग दिसतंय." दुसऱ्या दिवशी सून मीठ वाढवी आणि बाकीचं घर तांब्यामागून तांब्या पाणी पिई.

एकदा मामंजींना हसू आवरेना. "अगं, आधी चूळ भर, मग चव सांग. तू नाही बोलत, तुझ्या तोंडातलं लोणचं बोलतंय."

सून पदराआड हसली. ते वाक्य मात्र तिने मनात जपून ठेवलं. नव्या घरात असं काहीबाही जवळ असलेलं बरं.

पुढे एक विहीर पारखायची आली, ती नेमकी तिच्या माहेरची. जुना झरा आटला म्हणून सगळ्या गावाने खडक फोडून ती खणली होती. सून मांडीवर वाटी घेऊन मामंजींबरोबर गाडीत बसली. पोचली तेव्हा विहिरीच्या काठाशी शिपायांनी दगडांचा ढीग आधीच रचून ठेवला होता.

तिने वाटी घासून, विसळून दिली. मामंजींनी पाणी घेतलं, हळद कालवली. वाटी लाल झाली. थेंब पडू लागले. पाच झाले. सहा झाले. सातव्याला पिवळं आलं.

तिच्या बापाने मुंडासं काढलं आणि तो काठावर मटकन बसला.

लिंबाची फोड सुनेच्याच हातात होती. मघाशी दोन थेंब तिने गुपचूप पिळले असते तर कुणाला कळलं नसतं. तिने फोड खाली ठेवली, हात पुसले आणि हळूच विचारलं, "मामंजी, वाटीने चूळ भरली का?"

शिपायांचा नाईक मोठ्याने हसला. "सूनबाईंचं माहेर आहे ना! आता वाटीच खोटी पडणार!"

मामंजी हसले नाहीत. रागावलेही नाहीत. 'गप्प बस' म्हणणं किती सोपं होतं! ते वाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "विहिरीची परीक्षा झाली. आता वाटीची. कुणाकडे आभाळाचं पाणी आहे?"

गावच्या सुईणीने बाळांचे डोळे धुवायला पावसाचं पाणी बरणीत धरून ठेवलं होतं. ते तिने आणलं. सुनेने वाटी नेहमीसारखीच राखेने घासली, विसळली. पावसाच्या पाण्यात हळद पडली, आणि तेही लाल झालं! पिवळं व्हायला चार थेंब लागले.

"आभाळात कुठला आलाय खार?" मामंजी म्हणाले. "ही तड्यांत बसलेली राख आहे, आणि राखेतही खार असतो. आम्ही जितकी निष्ठेने घासली, तितकी ती बिघडत गेली. सातातले चार थेंब वाटीचे. विहिरीचे तीन."

"मग फोडून टाका ती वाटी!" नाईक म्हणाला.

"का बरं? ती किती खोटं बोलते हे कळलं की तिच्याकडूनही खरं काढता येतं. पण आज चार आहेत, उद्या पाच असतील. दर वेळी आधी तिलाच विचारायचं."

नाईक काही मूर्ख नव्हता. त्याने आवाज खाली घेऊन विचारलं, "आणि याआधी बुजवल्या त्या विहिरी?"

मामंजींचा चेहरा उतरला. घरी न जाता ते तसेच धुळीच्या पायांनी राजापुढे उभे राहिले. "महाराज, माझ्या हातून काही विहिरी विनाकारण मेल्या. किती, ते सांगता येत नाही, कारण तेव्हा मी वाटीचे थेंब मोजलेच नाहीत. सगळ्या उकरू द्या."

राजाने विचारलं, "हे माझ्या कानावर आलंच नव्हतं. तुम्ही बोलला नसता तर?"

"तर खोटी एकटी वाटी राहिली नसती, महाराज."

विहिरी उकरल्या गेल्या. प्रत्येकीजवळ म्हातारे स्वतः बसले; आधी आभाळाचं पाणी, मग विहिरीचं. कित्येक चांगल्या निघाल्या आणि उठून गेलेली गावं परत आली. काही खरोखरच खाऱ्या होत्या. त्या त्यांनी पुन्हा बुजवायला लावल्या, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही.

घरी सुनेने पानं वाढली. सासूबाईंनी घास उचलला, थबकल्या, उठून चूळ भरून आल्या. मग चाखून म्हणाल्या, "मीठ बेताचं आहे हो." थोडं थांबून म्हणाल्या, "तिखट मात्र कमीच."

मामंजी आणि सून, दोघांनीही मान खाली घालून मुकाट्याने जेवण केलं.

तात्पर्य: दुसऱ्याची खोट मोजण्याआधी आपल्या मापातली खोट मोजावी, आणि ती वजा करूनच निवाडा द्यावा.