फणसाखालचा अनंत

चपला बाहेर. आणि बाई, तो हात मागे घ्या. या अनंताचं फूल कुणी खुडत नाही. पुरुषभर उंचीचं झुडूप, बारा महिने हिरवं, वर फणसाची गर्द सावली. काय म्हणालात? तुमच्या गच्चीतला पिवळा पडतो? पडेलच. दुपारचं ऊन, सिमेंट आणि वर कौतुकाचं घागरभर पाणी! अहो, शहाण्यांच्या हातून झाडं मरतात ती अशीच. आमच्या धारखंडात एक असाच शहाणा होऊन गेला, विसाजी खोत. बसा, सांगतो.

हा खोत म्हणे घाटावर कुणा सरदाराची बाग बघून आला. तिथे गुलाब उघड्या उन्हात फुललेले. झालं, उंटावरचा शहाणा! आमच्या धारजाईच्या अनंताची फुलंही ताटाएवढी व्हायला हवीत, म्हणाला. तेव्हा देवीची पूजा मथी गुरवीण करायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. देवळामागची खोली आणि ही सेवा, एवढंच तिचं होतं.

ती म्हणाली, "खोत, याला सकाळचं ऊन पुरे. दुपारचं सोसत नाही. मुळाशी पानांचा पातेरा कुजू द्या. चुना तर जवळ आणूच नका."

"आता गुरवीण आम्हाला शिकवणार!" खोत हसला. त्याने अनंतावर सावली धरणारं फणसाचं झाड तोडलं, पातेरा झाडून जाळला आणि बुंध्याभोवती चुन्याचा पांढराशुभ्र ओटा बांधला. गावाने ओट्याची वाहवा केली. आमच्या गावाला पांढरं दिसलं की पुरे.

महिन्यात पानं पिवळी पडली, कळ्या गळाल्या. आता खोत चुकला, असं कोण म्हणणार? खोत म्हणाला, विधवेचा हात लागला म्हणून झाड वाळलं. वैशाखी पुनवेला अनंताचं फूल देवीपुढे आलं नाही, तर मथीने सेवा सोडून गावाबाहेर व्हायचं. पंचांनी माना डोलावल्या. माना कशासाठी असतात त्यांना!

मथीने चुना नखांनी खरवडला. रानातून पातेरा आणि काळी माती डोक्यावरून आणली. सावली मात्र आणायची कुठून? तेव्हा तिने पानांचं इरलं घेतलं, पावसात शेतावर डोक्यावर घेतात ते, आणि रोज दुपारभर झाडावर धरून उभी राहिली. स्वतः उन्हात. एकदा दिराला म्हणाली, "भावोजी, घटकाभर धरा, पाणी पिऊन येते." दीर पारावर सावलीत बसला होता. म्हणाला, "खोताशी वैर कोण घेणार?" आणि सगळा गाव बघत राहिला. बघायला गावाला नेहमीच सवड असते.

पुनवेच्या दुपारी एकच फूल उमललं, असं सांगतात. खोत धावत आला आणि आपल्याच हाताने देवीला वाहायचं म्हणून त्याने ते खुडलं. उंबरठा ओलांडेपर्यंत ते त्याच्या मुठीत तपकिरी पडलं. अनंताचं फूल दाबलं की डागाळतंच, पण खोताला तेवढंही ठाऊक नव्हतं. तो ओरडत मागे वळला, तर मथी तशीच उभी. इरलं काढून घेतलं तेव्हा कळलं, जीव केव्हाच गेला होता. आणि म्हणे इरलं काढलं तरी झाडावरची सावली हलली नाही. तोडलेल्या बुंध्याला नवा धुमारा फुटून फणस पुन्हा वाढेपर्यंत ती तिथेच होती.

मग गाव रडला. मेलेल्या माणसासाठी रडायला काय लागतं?

आजही देवीला आपोआप गळालेलं फूलच वाहतात. आणि फणसाची एवढी सावली असूनही वैशाखात खोतांच्या घरचा एक पुरुष दुपारभर इथे इरलं धरून उभा राहतो. हसू नका. त्याच्या शेजारी आम्हा गुरवांपैकीही एक जण उभा असतो, पण सावलीबाहेर, बोडक्या डोक्याने, पाण्याचा थेंब न घेता. मथीमागे सेवा तिच्या दिराला मिळाली. मी त्याच्याच वंशातला. यंदा माझी पाळी होती.