मलिद्याचं ताट

"पण हजानकाका, घेणारा खरंच गरजू आहे की नाही, हे विचारायला नको का?"

नफ्तालीने विचारलं. हजान सिलेमान फाटकाकडे पाहत होते.

खाडीकाठच्या त्या गावात बेने इस्रायली ज्यूंची मोजकीच घरं. सिलेमान त्यांचे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, आणि नफ्ताली त्यांच्याकडे हिब्रू शिकत होता. पाठांतर पक्कं, आवाज खणखणीत. त्याला ते ठाऊकही होतं.

त्या दिवशी झाडांच्या नव्या वर्षाचा सण होता. प्रार्थनालयाच्या अंगणात मलिद्याचं ताट सजलं होतं. गूळ-खोबरं घातलेले पोहे, वर केळी, खजूर, चिकू. आधी गरजूंना तांदूळ द्यायचे, मग प्रेषित एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं, अशी रीत होती.

तांदूळ यंदा नफ्तालीने स्वतःच्या शेतातले आणले होते. वाटायलाही तोच उभा होता.

म्हाताऱ्या सिप्पोराबाई तांदूळ घ्यायला पुढे आल्या, तेव्हा त्याने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "मावशी, तुमचा मुलगा काहीच पाठवत नाही का?"

म्हातारीने हातात घेतलेलं तांदळाचं गाठोडं खाली ठेवलं आणि ती घरी निघून गेली.

"मी चुकीचं विचारलं का?" नफ्ताली आता पुन्हा म्हणाला.

सिलेमानांनी मलिद्याच्या ताटावर फडकं टाकलं आणि ते खाली बसले.

"काका, लोक खोळंबलेत..."

"हो."

"प्रार्थना मी सुरू करू?"

"कर की."

नफ्तालीने तोंड उघडलं. पहिला शब्दच आठवेना. त्याने सगळ्यांकडे पाहिलं. कुणीच त्याच्याकडे पाहत नव्हतं...

तो चपला न घालताच निघाला.

सिप्पोराबाई ओसरीवर बसल्या होत्या. आत चूल थंड होती.

"मावशी, चला."

"तांदूळ नकोत मला."

"तांदूळ नाही आणले." तो पायरीवर बसला. "चुकलो मी. सगळ्यांदेखत बोललो, सगळ्यांदेखतच माफी मागतो."

म्हातारी पायरीपाशी सरकली.

"मुलाचं पत्रसुद्धा येत नाही रे," ती म्हणाली. "हे तुला तिथे कसं सांगू?"

नफ्तालीची मान खाली गेली.

तिने पदर सावरला. "चल. लोक उपाशी असतील."

अंगणात त्याने हात जोडून माफी मागितली. सिलेमानांनी फडकं काढलं, प्रार्थना झाली, पंगत बसली. नफ्ताली वाढायला उठला, तसं सिलेमानांनी त्याला हाताला धरून सिप्पोराबाईंच्या शेजारी बसवलं.

म्हातारीने आपल्या पानातला मलिदा मुठीत घेतला आणि त्याच्यापुढे धरला.

"नको मावशी, तुम्हालाच..."

मूठ तशीच राहिली.

नफ्तालीने सिलेमानांकडे पाहिलं.

"घे," ते म्हणाले. "आज कुणी उपाशी उठायचं नाही."