वेशीवरचा पुकारा

पूर्वी वेत्रावती नगरीत अरिंजय नावाचा राजा गादीवर असताना, वेशीवर पुकारा देणाऱ्याच्या घरी बोधिसत्त्वाने जन्म घेतला होता. त्या जन्मी त्याचे नाव धीरक.

वेत्रावतीची एक जुनी रीत होती. दिवेलागणीला एका माणसाने वेशीच्या बुरुजावर चढायचे आणि नगराची त्या दिवशीची हालहवाल मोठ्याने सांगायची. कुठे आग लागली, कुठल्या विहिरीचे पाणी बिघडले, कुठे चोर दिसले, सगळे. लोक ऐकून सावध होत आणि बाहेर थांबलेले तांडे आत यायचे की नाही ते ठरवत. पण राजेलोकांना हे कुठवर रुचणार? एकाने म्हटले, चिल्लर चोऱ्या कशाला सांगता? दुसऱ्याने म्हटले, विहिरीचे विहिरीवाले बघतील. असे कमी होत होत अरिंजयाच्या काळात पुकारा एवढाच उरला : ‘नगरात सर्व कुशल आहे!’ धीरक रोज तेवढेच ओरडायचा, घरी येऊन जेवायचा आणि शांत झोपायचा. बोधिसत्त्व झाला म्हणून काय, तोही माणूसच होता.

अरिंजय दुष्ट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. धीरक आणि तो लहानपणी एकाच डोहात पोहायला शिकले होते. फक्त कोणी वाईट बातमी आणली की त्याचे तोंड उतरायचे, आणि राजाचे तोंड उतरले की दरबार लगेच गोड बोलू लागायचा.

एका वर्षी यात्रेच्या तोंडावर विणकर आळीत ताप शिरला. धीरकाची धाकटी बहीण नंदिका त्याच आळीत दिलेली होती. बरेच दिवस ती माहेरी फिरकली नाही म्हणून तो बघायला गेला, तर दार आतून लावलेले. पुष्कळ हाका मारल्यावर तिने ते किलकिले केले. आत तिचा नवरा तापाने फणफणत पडला होता.

“अगं, मला सांगायचंस तरी!”

“कशी सांगू, दादा?” नंदिका रडू लागली. “साऱ्या नगरात कुशल आहे. तूच तर रोज सांगतोस. मग आमच्याच घरावर हे का आलं? आमच्याच हातून काहीतरी पाप घडलं असणार. शेजारणीला कळलं तर तोंड कसं दाखवू?”

धीरक शेजारणीच्या दारी गेला. तिथे म्हातारी सासू तापात बरळत होती, आणि सुनेने अगदी हेच सांगितले. पलीकडच्या घराने तर आपले मूल गुपचूप पुरले होते आणि ते मामाकडे गेले आहे असे सांगत होते. प्रत्येक घराला वाटत होते, दुखणे फक्त आपल्याकडे आहे. लाजेने कोणी वैद्याला बोलावत नव्हते, आजाऱ्याची भांडी वेगळी ठेवत नव्हते, आणि त्याच्या उशाशी बसून विणलेले कापड यात्रेसाठी बाजारात जात होते. ही सगळी दारे आपल्या आवाजाने लागली आहेत, हे धीरकाला कळून चुकले.

तो तडक राजाकडे गेला. ऐकून राजा घाबरला, खरेच घाबरला. पण प्रधान पूर्णभद्र जवळच बसला होता.

“यात्रा उठू दे, मग बघू,” प्रधान म्हणाला. “वेशीवरून तापाचं नाव घेतलंस तर तांडे आल्या पावली परत जातील. पलीकडचा राजा कान टवकारून बसलाच आहे. घरची लक्तरं वेशीवर टांगायची आणि वर म्हणायचं, माझं देशावर प्रेम आहे! हा द्रोह आहे, द्रोह.”

“प्रधानजी, शत्रूला कळू नये म्हणून आपल्याच माणसांना मरू द्यायचं का?”

“धीरका,” राजा अजिजीने म्हणाला, “मला सांगितलंस ना? इथे हवं तेवढं बोल, मी ऐकून घेतो. वर जाऊन बोलू नकोस. लोकांपुढे माझी काय अब्रू राहील?”

“महाराज, वैद्य पाठवा, वेस बंद करा. मी तुमचाच जयजयकार करीन. पण तुम्ही काही करणार नसाल तर मला खोटं सांगता येणार नाही. तुमचं मीठ खाल्लंय म्हणूनच येणार नाही.”

राजाने प्रधानाकडे पाहिले. प्रधानाने नकारार्थी मान हलवली.

त्या संध्याकाळी धीरक बुरुजावर चढला. त्याने ओरडून सांगितले, “नगरात कुशल नाही! विणकर आळीत ताप आहे, माणसं मरताहेत. बायांनो, आजारी लपवू नका, यात तुमचा काही दोष नाही. तांडेवाल्यांनो, आत येऊ नका. राजाला मी सांगितलंय. राजाने ऐकलेलं नाही.”

विणकर आळीतली दारे एकेक करून उघडली. बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. बाजारपेठेत मात्र लोक दगड घेऊन बाहेर आले. यात्रा बुडवली, नगराचे नाव घालवले, अशा शिव्या देत त्यांनी धीरकाला बुरुजावरून खाली ओढले. राजाने त्याला हद्दपार केले. दुसऱ्या दिवशी बुरुजावर नवा माणूस होता आणि पुन्हा सर्व कुशल होते. परतलेले तांडे पुन्हा आले. यात्रा थाटात भरली.

धीरक सरहद्दीच्या नाल्यापाशी झोपडी बांधून राहिला. नवरा वारल्यावर नंदिकाही तिथे आली. तापाच्या भीतीने पळालेले लोक त्या वाटेने येत. दोघे त्यांना पाणी पाजत, पेज भरवत.

एकदा पलीकडच्या राजाचा दूत आला. म्हणाला, “आमच्या नगरात चला. घर देतो, मान देतो. अरिंजयाने काय केलं ते आमच्या चौकात सांगा, बस्स. त्याने तुम्हाला दगड मारून हाकललं. तुमचं आता तिथे कोण आहे?”

“सगळे आहेत,” धीरक म्हणाला. “मी बोललो ते माझ्या माणसांनी जगावं म्हणून. तुमच्या माणसांनी हसावं म्हणून नाही.”

दूत गेला. काही दिवसांनी आजाऱ्यांची सेवा करता करता धीरकालाही ताप आला.

तिकडे राजवाड्यात राजाची लाडकी लेक मेली. राजाला ती आजारी आहे हेच ठाऊक नव्हते. राणीने तिला मागच्या दालनात लपवले होते. राजा ओक्साबोक्शी रडत विचारू लागला, “मला का नाही सांगितलंस?” राणी म्हणाली, “नगरात ताप नाही, असं तुम्हीच सांगायला लावलंत. मग राजाच्या घरात तो आहे, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?”

राजा अनवाणी सरहद्दीवर धावला. नंदिका झोपडीच्या दारात बसली होती. आत धीरकाचा देह चादरीखाली होता.

“दादा तुमच्यावर कधी रागावला नाही,” नंदिका म्हणाली. “मी रागावले आहे, महाराज. जन्मभर रागावणार आहे. शेवटपर्यंत तो विचारत होता, आज पुकाऱ्यात काय सांगितलं? मी खोटं सांगितलं. म्हटलं, पुकाऱ्यात खरं सांगितलं.”

राजा परत आला आणि दिवेलागणीला स्वतः बुरुजावर चढला. त्याला ओरडायची सवय नव्हती. “नगरात कुशल नाही,” तो म्हणाला, “माझ्या घरातही नाही.” पुढे त्याला रडूच फुटले. पण त्या संध्याकाळी वेस बंद झाली आणि वैद्य घरोघर निघाले.

ही कथा पुढे बुद्ध झाल्यावर शास्त्यांनी विहारात सांगितली. भिक्षेची वाटणी नीट होत नाही असे एक तरुण भिक्खू बोलला होता. संघातले वडीलधारे भिक्खू स्थविर उत्तरक यांनी त्याला, तुझे संघावर प्रेमच नाही, असे म्हणून घालवून दिले होते. शास्ते म्हणाले, “तेव्हाची नंदिका ती आताची भिक्षुणी चंद्रा. तेव्हाचा अरिंजय ते आताचे उत्तरक. आणि धीरक तो मीच.” प्रधान कोण, ते त्यांनी सांगितले नाही. उत्तरक डोळे पुसत उठले आणि त्या तरुणाला शोधायला निघाले.

आपल्या माणसांचे भले व्हावे म्हणून त्यांना खरे सांगणे, आणि त्यांनी दगड मारले तरी त्यांचेच राहणे, ही त्या जन्मीची सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पूर्णता होय.