एक चूक दाखवा

शहरातल्या जुन्या टोळीयुद्धावरचा भव्य सिनेमा संपला आणि दिग्दर्शक जयसिंग रणपिसे माईक घेऊन पडद्यापुढे उभे राहिले. कुणी म्हणालं, अंगावर काटा आला. कुणी म्हणालं, दादाची एन्ट्री काय जबरदस्त! साहेब असे फुगले की विचारू नका.

"चाळीस वर्षांपूर्वीची गल्ली हुबेहूब उभी केलीय," ते म्हणाले. "एक चूक दाखवा, सिनेमे काढणं सोडून देतो!"

मागच्या रांगेतून अनसूयाबाई चिंदरकर उठल्या. त्याच गल्लीत, टपरीवर चहा पिताना त्यांचा मुलगा वामन दुसऱ्यासाठी सुटलेल्या गोळीने गेला होता.

"गल्ली बरोबर आहे, साहेब. टपरीसुद्धा तशीच. पण तुमचा दादा पिस्तूल घेऊन येतो, तेव्हा आधी ढोल वाजतात. तसे वाजले नव्हते."

साहेब हसले. "आजी, ते पार्श्वसंगीत. ढोलाशिवाय लोकांना कळणार कसं, दादा आला म्हणून?"

"तेच म्हणते मी," अनसूयाबाई म्हणाल्या. "आमच्या वामनलाही कळलं नाही. ढोल वाजले असते, तर पळाला असता हो तो."