गिरजेच्या दारातला उंबर

एक होता माळ. राजा नाही बरं का, राजाला आज सुट्टी. नुसता खडकाळ माळ आणि माळावर एकच घर. घराला ना कुंपण, ना झाड. त्या घरात राहायची गिरजा आणि तिची म्हातारी आई.

गिरजा लाह्या भाजायची. गावातल्या बायका टोपलीभर ज्वारी घेऊन यायच्या आणि टोपली भरून लाह्या घेऊन जायच्या. दिवसभर घरात भट्टी पेटलेली. आत नुसती धग आणि धूर. आईचे तर पाय गेलेले, तिला उठता येत नव्हतं. आत ठेवावी, तर खोकून खोकून जीव नकोसा व्हायचा बिचारीला. म्हणून गिरजा तिची बाज बाहेर काढायची.

सकाळी बाज घराच्या मागे, कारण तिथे भिंतीची सावली. ऊन सरकलं की बाज सरकली. संध्याकाळी बाज पुढच्या दारात. आणि भर दुपारी? भर दुपारी घराला सावलीच नसायची. मग गिरजा आईच्या तोंडावर सूप धरून उभी राहायची. हात सुपाला, जीव भट्टीत. करपल्याचा वास आला की आत धाव. आईनं हूं केलं की बाहेर धाव. पायाला नुसती भिंगरी. ए ठमे, तू चुळबूळ करतेस ना आत्ता, तश्शी. पण तुला कामं नाहीत, तिला होती.

आई म्हणायची, "गिरजे, अगं बस की जरा."

"बसते गं आई, एवढं झालं की बसते."

ते एवढं काही व्हायचं नाही. गिरजा बसलेली दिसणं म्हणजे उंबराचं फूल. जेवायचीसुद्धा उभ्यानं.

त्या वर्षी चैत्रातच असं ऊन पडलं म्हणता! आईच्या ओठांची सालं निघाली. भाकरी नको म्हणायला लागली, पेज नको म्हणायला लागली. हा उन्हाळा काही आई काढत नाही, असं तिला आतून वाटायला लागलं, आणि वाटलं तशी ती आणखीनच धावायला लागली.

"आई, काय हवं तुला? सांग ना."

"मला गं काय हवं? दारात एखादं झाड असावं. अंगावर सावली असावी, तोंडात फळ पडावं. आणि एकदा तुला..."

पण तेवढ्यात लाह्या तडतडल्या आणि गिरजा आत पळाली. पुढचं राहिलंच.

मग एकदा काय झालं, भर उन्हात आकाशातून एक हिरवं पाखरू धपकन अंगणात पडलं. हरियाल म्हणतात त्याला, रानातलं हिरवं कबूतर. चोच वासून पडलेलं. गिरजेनं त्याला ओंजळीनं पाणी पाजलं, चार लाह्या घातल्या. पाखरू उठून बसलं आणि चक्क बोललं.

"बाई, तू मला जगवलंस. हे घे." असं म्हणून त्यानं चोचीतून तीन बिया टाकल्या. खसखशीएवढ्या! "तिघं एकाच घराण्यातले, पण स्वभाव तीन तऱ्हेचे. रोज एक पेर. जो दिवस बुडायच्या आत दारापेक्षा उंच होईल आणि तुला पटेल, तो कायमचा तुझा. पटला नाही तर म्हणायचं, जा बाबा आपल्या वाटेनं. तो जाईल. पण तीनच हं, चौथी नाही." आणि भुर्रकन उडालं.

गिरजेनं पहिली बी लगेच पेरली. वाट बघणं तिला कुठलं जमायला! पेरली तोच कोंब आला. कोंबाचं खोड झालं, खोडाला फांद्या फुटल्या. तो होता वड. काय सावली म्हणता! सगळं अंगण गार. आईला गारव्यात डुलकी लागली. गिरजा खूश झाली. पण वड थांबेचना. फांद्यांतून पारंब्या सुटल्या. एक गेली छपरातून आत, एक शिरली खिडकीत. एकीनं तर बाजेच्या पायाला विळखा घातला आणि आईसकट बाज वर उचलली!

"अगं गिरजे, मी चालले वर!" आई ओरडली.

गिरजा धावली. "अहो वडराव, हे काय चालवलंय?"

"जागा पुरत नाही बाई," वड म्हणाला. "तेवढं घर जरा सरकवता का?"

"घर सरकवू? जा बाबा आपल्या वाटेनं!" वडानं बाज खाली ठेवली, पारंब्या गोळा केल्या आणि धाड धाड चालत गेला तो गावाच्या वेशीवर जाऊन उभा राहिला. तिथे त्याला मोप जागा मिळाली.

दुसऱ्या दिवशी दुसरी बी. ते निघालं अंजिराचं झाड. दारापेक्षा हातभर उंच झालं आणि थांबलं, शहाण्यासारखं. पंजाएवढी पानं, आणि फळं काय विचारता! जांभळी, टपोरी, मधानं भरलेली. आईनं एक खाल्लं आणि बोटं चाटली. कित्येक दिवसांनी पोटात काहीतरी गेलं. पण सावली? सावली एवढीशी. डोकं झाकलं की पाय उन्हात, पाय झाकले की डोकं उन्हात. गिरजेचं बाज सरकवणं काही सुटेना. त्यात फळांवर माकडं आली. माकडांना हाकलावं, तर गावातली पोरं आली. एका हातात सूप, एका हातात काठी, आत भट्टी, आणि अंगाला अंजिराचा चीक लागून ही खाज! संध्याकाळपर्यंत गिरजा रडकुंडीला आली.

"तुझी गोडी चांगली रे," ती म्हणाली, "पण तुला राखण लागते आणि आम्हाला सावली लागते. जा बाबा आपल्या वाटेनं." ते हिरमुसलं, पण गेलं. डोंगरापलीकडे एक मळा होता, तिथे राखणदार होता. तिथे ते सुखानं राहिलं.

आता उरली एकच बी. गिरजेला झोप लागली नाही. तिनं ती पहाटेच पेरली.

कोंब आला. दोन पानं आली. आणि पुढे? पुढे काही नाही!

गिरजेनं पाणी घातलं. माती उकरून बघितली. पान ओढून बघितलं. आत गेली, बाहेर आली, परत बघितलं. बोटभर ते बोटभरच. ऊन वर आलं. गिरजा घायकुतीला आली. "अरे वाढ ना बाबा! माझी आई जाईल रे!"

तेव्हा ते रोप बारीक आवाजात म्हणालं, "पोरी, मी उंबर. तू बसलीस की मी वाढतो. तू उठलीस की मी थांबतो. माझ्या मुळांना तुझ्या पायांची धावपळ सोसत नाही."

"बसू? आज? आत्ता?"

"मग कधी?"

बसली बाई. भुईवर टेकली आणि खरंच, उंबर वीतभर वाढला! तेवढ्यात घरातून करपल्याचा वास आला. उठली, पळाली, भट्टीवरच्या लाह्या उतरवल्या. उंबर थांबला.

पुन्हा बसली. उंबर गुडघ्याएवढा झाला. तेवढ्यात शेळी आली आणि तिनं लाह्यांच्या टोपलीत तोंड घातलं. आता सांगा, बसवेल का? उठली, शेळी हाकलली. उंबर थांबला.

तिसऱ्यांदा बसली. या खेपेला भट्टी विझवूनच बसली, बरं का. उंबर कमरेएवढा झाला. पण ऊन सरकलं. ते आईच्या पायांवर आलं, मग पोटावर आलं, मग चाललं तोंडाकडे. आईचा चेहरा लालबुंद झाला. गिरजेचा जीव तीळ तीळ तुटायला लागला. उठावं तर झाड राहतं, बसावं तर आई भाजते. करावं तरी काय माणसानं! अखेर तिनं सुपाकडे हात नेला आणि एक गुडघा उचललाच.

"उठशील तर बघ!" आई कडाडली. इतक्या वर्षांत अशी कडाडली नव्हती.

आणि आईनं काय केलं ठाऊक आहे? बाजेवरून हळूच खाली घसरली. पाय नव्हते ना धड, मग हातांवर रेटत, कण्हत, थांबत, सरकत सरकत आली आणि गिरजेच्या मांडीवर डोकं ठेवून मोकळी झाली. "हं. आता ऊठ बघू कशी उठतेस ती."

आता कशी उठणार? गिरजेनं पदर सोडला आणि आईच्या तोंडावर धरला. स्वतःची पाठ उन्हाकडे केली. पाठ भाजली, पण हलली नाही. शेळी आली, हलली नाही. दारात बायका येऊन हाका मारून गेल्या, हलली नाही. किती वेळ गेला कोण जाणे. पाठीला एकाएकी गार लागलं म्हणून तिनं वर बघितलं, तर डोक्यावर हिरवंगार छप्पर! उंबर दाराच्या वर गेला होता, घराच्या वर गेला होता, आणि सूर्य अजून बुडायचा होता. खोडाला लाल लाल फळांचे घोस लगडलेले.

एक फळ टपकन पडलं. आईनं ते फोडलं आणि गिरजा दचकली. "आई, थांब! किडे आहेत त्यात!" उठून धुरी घालायलाच निघाली होती.

"अगं बस!" उंबर म्हणाला. "ते माझे पाहुणे आहेत. ते आले नाहीत, तर माझं एकही फळ पिकत नाही."

आईनं फुंकर मारली, फळ झटकलं आणि तोंडात टाकलं. "गोड आहे गं. अंजिराएवढं नाही, पण गोड आहे."

"आई, त्या दिवशी तुझं बोलणं अर्धं राहिलं. एकदा मला... काय?"

"एकदा तुला बसलेली बघायचं होतं. तुझ्या मांडीवर डोकं ठेवायचं होतं. मला वाटलं, ते न बघताच जायचं माझ्या नशिबात आहे." गिरजेला रडूच फुटलं. रडली खूप, पण बसून रडली.

आईनं तो उन्हाळा काढला. पुढचाही काढला, आणि त्याच्या पुढचे कितीतरी. गिरजा रोज दुपारी भट्टी विझवायची आणि उंबराखाली बसायची. लाह्या न्यायला बाया आल्या की म्हणायची, बसा. जितक्या बसल्या, तितका उंबर वाढला. हिरवी पाखरं वर फळं खायची, खाली आई, सगळी सुखात.

तो अजून वाढतोय म्हणतात. पण कुणी पोर अंथरुणात चुळबूळ करायला लागलं की तो थांबतो. ठमे, पाय लांब कर. बापू, डोळे मीट बघू. हं, अस्सं. आता वाढतोय.